साक्षीदार: किसन हलगीवाला

माझा बाप बँकेच्या जीपमधून आमच्याच दारात उतरला. काखेत हलगी.

सकाळी त्याला बेलीफचा फोन आला होता. "किसन, अकराला चावडीपाशी थांब. वाजवायचंय." बेलीफ म्हणजे कोर्टाचे कागद दारोदार पोचवणारा आणि जप्तीला जाणारा माणूस. घरावर जप्ती आली की ती वाद्य वाजवून चारचौघांत जाहीर करायची, असं कायद्यात लिहिलेलं आहे. आमच्या भागात ते काम वीस वर्षं माझा बाप करत होता. कुणाचं घर, कुठलं गाव, हे त्याला कधी कुणी सांगत नसे. जीप नेईल तिकडे जायचं, वाजवायचं, पन्नास रुपये घ्यायचे आणि यायचं.

त्या दिवशी जीप चावडीवरून निघाली ती दोन मिनिटांत थांबली. माझी साप्ताहिक सुटी होती. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. बाप उतरला तेव्हा मला वाटलं, काही विसरला असेल, न्यायला आला असेल. त्याला वाटलं, ड्रायव्हर रस्ता विचारायला थांबला. तेवढ्यात इथंच वाजवायचंय असं कुणीतरी म्हणालं. त्याने आमच्याकडे एकदा बघितलं, शेजारच्या घराकडे एकदा बघितलं, आणि सवयीने चार कागद गोळा करून पेटवले. हलगी शेकायला घेतली. कातडं शेकल्याशिवाय तिचा आवाज निघत नाही. आमच्या उंबऱ्यापासून दोन हातांवर माझा बाप हलगी शेकत बसला होता, आणि जप्ती कुणाची हे त्याला अजून माहीत नव्हतं.

बेलीफने चष्मा लावला. कागद वाचला. प्रतिवादी क्रमांक एक, माझं नाव. प्रतिवादी क्रमांक दोन, बापाचं नाव, आजोबाच्या नावासकट, आडनावासकट. शैक्षणिक कर्जाच्या वसुलीचा हुकूमनामा. सदर घर जप्त करण्यात येत आहे.

वाचून झालं. मग बाप उभा राहिला आणि म्हणाला, "जी. त्यो मीच."

जीपला टेकून बँकेचा वसुली अधिकारी उभा होता. गॉगल, पांढरा शर्ट, हातात पाण्याची बाटली. तो हसायला लागला. "अरे वा! वाजवणारा घरचाच निघाला की. चला, बाहेरून आणायचा खर्च वाचला."

त्याच्याबरोबरचे दोघं पंच हसले. आजूबाजूची माणसं दारात आली होती, त्यांच्यातलेही एकदोघं हसले. बेलीफ मात्र हसला नाही. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, निदान याला तरी लाज आहे. कसली लाज! मूर्ख होते मी.

"वाजव," अधिकारी म्हणाला.

बापाने वाजवली. आपल्या दारात, आपल्या घराची जप्ती, बापाने स्वतःच्या हाताने वाजवली. चुकला नाही, थांबला नाही. जेवढी वाजवायची असते तेवढी पूर्ण वाजवली. आई आतून पिठाच्या हाताने बाहेर आली आणि भिंतीला धरून खाली बसली. माझ्या हातात बापाचाच ओला सदरा होता. तो पिळून झाला होता तरी मी पिळतच होते.

बेलीफने पन्नासची नोट काढली. अधिकारी म्हणाला, "ती खात्यात भर रे कर्जाच्या. तेवढंच ओझं कमी." पुन्हा हशा. बापाने नोट घेतली, घडी केली, खिशात ठेवली. एरवी बेलीफ अशा वेळी बापाचा अंगठा घ्यायचा, हलगी वाजवली त्याचा पुरावा म्हणून. त्या दिवशी त्याने घेतला नाही. शाईचा डबा पिशवीतच राहिला. घाईघाईने दाराला नोटीस डकवून तो जीपमध्ये बसला.

मी एक शब्द बोलले नाही. कॉम्प्युटर इंजिनियर झालेली मी. रोज दोनशे लोकांना "गुड मॉर्निंग सर" म्हणणारी मी. तोंडातून आवाज फुटला नाही. त्याचा राग मला आजही येतो, आणि तो बँकेपेक्षा जास्त माझाच येतो.

जीप गेल्यावर मी बापावर ओरडले. "का वाजवली? नाही म्हणायचं होतं ना!"

तो हलगी फडक्यात गुंडाळत होता. म्हणाला, "न्हाई म्हनलो आस्तो तर दुसऱ्याला आनला आस्ता. आपल्या दारात दुसऱ्यानं वाजवल्याली मला बगवली नसती."

*

आमचं गाव हिंजवडीच्या अलीकडचं. गाव म्हणायचं आता फक्त पत्त्यापुरतं. शेतं विकली गेली, काचेच्या इमारती आल्या, विकणाऱ्यांनी गाड्या घेतल्या, मुलांची लग्नं हेलिकॉप्टरमधून वराती काढून केली. आमची आळी गावाच्या खालच्या अंगाला. आमच्याकडे विकायला जमीन नव्हती. वाजवायला हलगी होती. लग्नात वाजवायची, जत्रेत वाजवायची, मयताला वाजवायची. गावात पहिली कंपनी आली तेव्हा तिच्या उद्घाटनालाही बापाने वाजवली. वाजवून झाल्यावर त्याला गेटच्या बाहेर, वॉचमनच्या खोलीमागे जेवायला बसवलं. मी त्याच्याबरोबर होते. सहावीत असेन. काचेतून आत संगणकांची रांग दिसत होती. मी ठरवलं, आपण तिथे आत बसायचं.

बारावीला मार्क चांगले पडले. शहरातल्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. फी माफीतून काही सुटली, बाकीची आमच्या आवाक्यातली नव्हती. बँकेत गेलो. मॅनेजरांनी बापाकडे बघितलं, माझ्या मार्कशीटकडे बघितलं आणि म्हणाले, "छान, छान. तुमच्यातल्या मुलीसुद्धा आता कॉम्प्युटर शिकायला लागल्या." बाप खूश झाला. त्याला ते कौतुक वाटलं. मलाही वाटलं, हे सांगायला मला आता शरम वाटते. तारण लागलं नाही. बापाचा अंगठा लागला. सहकर्जदार म्हणून.

शेवटच्या वर्षाला कंपनी कॉलेजात आली, माझी निवड झाली, हातात पत्र मिळालं. आळीत पेढे वाटले. रुजू होण्याची तारीख नंतर कळवू, असं त्या पत्रात लिहिलं होतं. मग मंदी आली. तारीख कधी कळलीच नाही. मी फोन करायची, पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगायची की माझं पत्र अजूनही वैध आहे. वर्षभर माझं पत्र वैध होतं आणि मी घरी बसलेली होते.

शेवटी त्याच भागातल्या एका कंपनीत काम मिळालं. रिसेप्शनला, व्हिजिटर पास बनवायचं. कंत्राटी. कायम नोकरीवाल्यांच्या गळ्यात निळी फीत, आमच्या गळ्यात पिवळी. पगारातून मी हप्ता भरायला लागले. पूर्ण नाही जमायचा, अर्धा भरायची. कंत्राटदार बदलला की दोन-तीन महिने पगारच नसायचा. मी बँकेला अर्ज लिहिला, हप्ता कमी करा, मुदत वाढवा. एकदा नाही, चार वेळा लिहिला. खिडकीवरचा माणूस अर्ज घ्यायचा नाही. "हे असलं इनवर्ड करत नाही आम्ही," म्हणून परत सरकवायचा. मी ते चारही अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. कशासाठी ते ठाऊक नव्हतं.

वसुलीवाल्यांचे फोन यायचे. एकजण म्हणाला, "मॅडम, लग्न करून टाका. नवरा फेडेल." दुसरा म्हणाला, "तुम्हाला सगळं सरकारकडून फुकट घ्यायची सवय, म्हणून कर्जसुद्धा फुकटच वाटतं." मी समोर माणूस उभा असल्यामुळे फोनवर "येस सर, शुअर सर" म्हणत होते आणि दुसऱ्या हाताने पास छापत होते. नंतर फोन बंद झाले. मला वाटलं, बँकेने दमून नाद सोडला. ते बंद झाले कारण प्रकरण कोर्टात गेलं होतं. दावा लागला, चालला, निकाल लागला, आणि हे आम्हाला कळलं ते हलगीच्या आवाजाने.

*

जप्तीच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून शहरातल्या कोर्टात गेले. तिथं कुणाला काय विचारायचं हेच कळेना. एका टेबलवरून दुसऱ्या टेबलवर. शेवटी नकलेच्या खिडकीशी पोचले. आतल्या गृहस्थांना म्हटलं, "सर, आम्हाला न विचारता निकाल कसा लागला?"

त्यांनी मान वर केली नाही. "अहो बाई, इथे उत्तरं मिळत नाहीत, नकला मिळतात. फॉर्म भरा."

फॉर्म भरला. आठवड्याने नक्कल मिळाली. कोर्टाच्या आवारात पारावर बसून मी ती वाचायला लागले. भाषा मराठीच, पण चार चार वेळा वाचावं लागत होतं. प्रतिवादी हजर झाले नाहीत, सबब दावा एकतर्फी चालवण्यात आला. मग त्याखाली बेलीफचा अहवाल. समन्स कसं बजावलं त्याचा.

"प्रतिवादी क्र. १ व २ यांच्या राहत्या घरी समक्ष गेलो असता घरास कुलूप होते. प्रतिवादी मिळून आले नाहीत. सबब समन्सची प्रत साक्षीदारासमक्ष दारास चिकटवली. साक्षीदार: किसन हलगीवाला. निशाणी डावा अंगठा."

आमच्या घराला कुलूप नाही. दाराला कडी आहे, कोयंडा कधीचा तुटला. आई दिवसभर घरात असते. कुलूप लावायला कोयंडा तर पाहिजे!

पण माझी नजर कुलपावरून पुढे गेली आणि अंगठ्यावर अडकली. निळ्या ठशावर मधोमध आडवी पांढरी रेघ होती. ती रेघ मला माहीत होती. हलगीचं कातडं कापताना बापाच्या अंगठ्याला रापी लागली होती, मी पाचवीत असताना. हळद मीच दाबली होती.

माझा बाप घरी सापडला नाही, याला साक्षीदार माझा बाप.

मी तो कागद किती वेळ बघत बसले, सांगता येणार नाही. शेजारी एक बाई डबा उघडून जेवत होती, ती म्हणाली, "काय झालं गं? पाणी देऊ?" मला हसू येत होतं. घाण हसू. वीस वर्षं हा बेलीफ माझ्या बापाला ओळखतो. एका टपरीवर चहा प्यायलाय. जीपमध्ये मागे बसवून गावोगाव हिंडवलंय. आणि त्याला बापाचं आडनाव माहीत नव्हतं. कधी विचारलंच नाही. हलगीवाल्याला आडनाव कशाला? दाव्यात पूर्ण नाव होतं, साक्षीत नुसता किसन हलगीवाला. ही दोन माणसं एकच आहेत हे त्याच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. ते लक्षात आलं जप्तीच्या दिवशी, बाप "त्यो मीच" म्हणाला तेव्हा. म्हणून त्याचा चेहरा उतरला. म्हणून त्याने अंगठा घेतला नाही.

*

घरी येऊन मी कागद बापासमोर धरला. "हा अंगठा कुणाचा?"

त्याने बघितलं. रेघेवरून बोट फिरवलं. "माजा."

"कधी दिला?"

"कंदी म्हंजी? चावडीपाशी टपरीवर. सायेब आले की घेत्यात. पाच धा कागुद आस्त्यात एकदम. कोरं बी आस्त्यात. सायेब घाईत आस्त्यात."

"कशाचे कागद, विचारलं नाही कधी?"

"काय इचारनार? मला काय वाचाय येतंय?" मग खाली बघत, "वीस रुपय द्यायचे एका टायमाला."

मी ओरडणार होते. पण मला एकदम शाई आठवली. लहानपणी बाप घरी यायचा तेव्हा त्याचा अंगठा निळा असायचा. मी रॉकेलचं बोट लावून तो पुसायची. मला ते काम आवडायचं. त्या दिवशी हमखास काहीतरी मिळायचं. वही, पेन, एकदा कंपासपेटी. मी तर शाळेत जात होते. मला वाचता येत होतं. मीही कधी विचारलं नाही की आबा, ही शाई कसल्या कागदाची? त्या वीस वीस रुपयांवर मी भूमिती शिकले. आणि त्याच शाईने आमच्या दाराला कुलूप लागलं.

किती घरांना लागलं असेल? कितीजण "मिळून आले नाहीत" असं माझ्या बापाने सांगितलं असेल, त्याला न कळता? त्या रात्री आम्ही कुणीच जेवलो नाही. आईने भाकरी झाकून ठेवली आणि बापाला एवढंच विचारलं, "मंग त्येंच्या दारात वाजवाय बी तुमीच जात हुता?"

*

नारायण पेठेत एक वकीलबाई होत्या. कंपनीतल्या एका मुलीने त्यांचं नाव दिलं होतं. जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ऑफिस, पंखा कुरकुरणारा. त्यांनी नक्कल वाचली, अंगठा वाचला, चष्मा काढून बापाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, असा साक्षीदार मी जन्मात पाहिला नाही." मग मला म्हणाल्या, "रडायचं असेल तर बाहेर बाक आहे. कळल्यापासून तीस दिवसांत अर्ज गेला पाहिजे. किती झाले?"

"अकरा."

"मग रडायला वेळ नाही. बसा इथंच."

फी त्यांनी थोडी घेतली, पण घेतली. फुकट केलं असतं तर मला आवडलं नसतं. माझे चार परत केलेले अर्ज बघून त्या पहिल्यांदा हसल्या. "हे बरं केलंत," म्हणाल्या.

अर्ज दाखल झाल्याचं कळलं आणि दोन दिवसांत बेलीफ घरी आला. जीप नव्हती, स्कूटर होती. आत आला नाही. आमच्या आळीत तो कुणाच्याच घरात पाऊल टाकत नसे. दारातूनच म्हणाला, "किसन, दोन वर्षं राहिलीत माझी. पेन्शन बुडेल. आणि नीट ऐक, अंगठा तुझा आहे. खोटी साक्ष तूही दिलीस. मी आत गेलो तर तूही येशील."

बाप उठून उभा राहिला. आयुष्यभर त्याने साहेब या शब्दापुढे मान तुकवली होती. तो मला म्हणाला, "पोरी, सोड. मी तुरुंगात मेलो तर तुजी आय काय करंल?"

मी बेलीफला विचारलं, "माझ्या बापाचं आडनाव काय?"

हुकूमनामा त्याने स्वतःच्या तोंडाने वाचला होता. तरी त्याला आठवलं नाही.

"जा," मी म्हटलं. वडीलधाऱ्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा असं म्हटलं. आवाज फाटला माझा, पण निघाला.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बँकेचे वकील भेटले. फार सभ्य माणूस. मला "आपण" म्हणत होते. "हे पाहा, आपण शिकलेल्या आहात. कशाला वाढवता? आम्ही जप्ती उठवतो, आपल्याला झेपेल असा हप्ता बांधून देतो. फक्त समन्स मिळालं होतं, कामामुळे येता आलं नाही, एवढं एका ओळीत लिहून द्या. घर वाचेल आपलं."

घर वाचेल. एका ओळीत. आई बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती, तिने ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. दोन खोल्या. बापाच्या बापाने मातीच्या उभ्या केल्या, बापाने पक्क्या केल्या. चार वर्षं मी हाच झेपेल असा हप्ता मागत होते, तेव्हा माझा कागद खिडकीतून परत येत होता. आज तोच हप्ता समोर होता, फक्त खोटं लिहायचं होतं. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "निर्णय तुमचा. घर खरंच वाचेल, ते खोटं बोलत नाहीत."

मला वाईट याचं वाटतं की मी विचार केला. लगेच नाही म्हटलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं नाही. मी खालीपर्यंत जाऊन आले. नळावर पाणी प्यायले. परत आले तेव्हा ते वकील बापाच्या हातात कागद देत होते आणि त्यांचा कारकून शाईचा डबा उघडत होता. बापाला कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. अंगठा मागितला होता फक्त.

मी मध्ये गेले आणि बापाचा हात धरला. म्हटलं, "वाचल्याशिवाय आता अंगठा मिळणार नाही."

वकील हसले. "मग आपण वाचून दाखवा त्यांना."

मी वाचून दाखवलं. मोठ्याने. व्हरांड्यातली माणसं थांबून ऐकायला लागली. समन्स आम्हांस योग्य वेळी मिळाले होते व त्याबाबत आमची काही तक्रार नाही. बापाने पूर्ण ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्याचा कागद कुणी वाचून दाखवला होता. मग त्याने हात मागे घेतला आणि धोतराला पुसला. त्याला शाई लागलेली नव्हती तरी पुसला.

आत पुकारा झाला. न्यायाधीशांनी अहवाल बघितला, अर्ज बघितला. बँकेचे वकील म्हणाले, कर्ज बुडवण्यासाठी ही माणसं काहीही सांगतील. न्यायाधीशांनी बापाला पुढे बोलावलं. "हा अंगठा तुमचा आहे का? घाबरू नका, विचार करून सांगा."

बापाचे हात जोडलेले होते. ते त्याने सोडले नाहीत. पण आवाज बारीक नव्हता. "सायेब, हा अंगठा माजा हाय. आन् घरात न्हवता म्हनून ज्येचं लिवलंय, त्यो बी मीच हाय. मी घरात न्हाई, ह्येला साक्षीदार मलाच केलाय."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी त्या दिशेला बघितलं आणि हसू थांबलं. बाप पुढे म्हणाला, "मला शिक्षा द्या. पर कागुद खोटा हाय."

*

घराचा लिलाव थांबला. काही तारखांनंतर हुकूमनामा रद्द झाला. बेलीफवर चौकशी लागली. मला दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण नाही आली. बापाला शिक्षा झाली नाही, समज दिली. त्या शब्दाचा त्याला अजून राग आहे. "समज मला हुती कुटं, म्हून तर दिली," म्हणतो.

दावा संपलेला नाही. तो पुन्हा पहिल्यापासून चालू झाला आहे. बँकेचे वकील व्हरांड्यात मला म्हणाले, "फिरून आपण तिथेच येणार आहात." खरं आहे ते. कर्ज मी घेतलं, मी नाकारलेलं नाही. पण आता माझे चार अर्ज फाइलला लागलेत, आणि ते का घेतले नाहीत हे बँकेला सांगावं लागणार आहे. मी अजून पिवळ्या फितीतच आहे. कंपनीत ही गोष्ट कळल्यावर एक निळ्या फितीवाला म्हणाला, "ग्रेट यार, तू तर फायटर निघालीस." मी त्याच्या पाहुण्याचा पास बनवून दिला.

वकीलबाई म्हणाल्या, आता तुमचं तुमच्यापुरतं बघा. मीही तसंच म्हणणार होते. पण बाप दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. एका रविवारी दुपारी तो माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "वही घे. लिव."

त्याला वाचता येत नाही, पण त्याला सगळी दारं आठवतात. कुठे चिंचेचं झाड होतं, कुठे पोरगी दप्तर घेऊन उभी होती, कुठल्या म्हाताऱ्याने शिवी दिली, कुठल्या बाईने हात धरून "नका वाजवू" म्हटलं. गावाचं नाव, आळी, दाराचा रंग. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. वहीची सात पानं भरली. त्यातल्या प्रत्येक घराला बापाच्या अंगठ्याने कुलूप लागलं असेलच असं नाही. पण कुठल्या लागलं आणि कुठल्या नाही, हे फाइल उघडल्याशिवाय कळणार नाही.

गावाच्या नावावरून दाव्याचा नंबर शोधत मी आठवड्याला एक फॉर्म भरते. नकलेच्या खिडकीवरचे गृहस्थ आता मला ओळखतात. "आल्या का," म्हणतात. परवा तिसरी नक्कल मिळाली. घरास कुलूप होते. साक्षीदार किसन हलगीवाला. आडवी रेघ. विद्यार्थी कुणी नव्हता त्यात, एका बाईने शिवणयंत्रासाठी घेतलेलं कर्ज होतं.

उद्या सुटी आहे. आम्ही त्या दारात जाणार आहोत. तिथं आम्हाला कुणी या बसा म्हणणार नाही. शिव्या देतील, मारायलाही धावतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. ती बाई आता त्या घरात राहते की नाही, हेही माहीत नाही. नसेल तर शोधायची.

मघाशी बापाने खुंटीवरची हलगी काढली. मी म्हटलं, "आबा, ती कशाला?"

"त्या दारात वाजवून खोटं सांगितलंया," तो म्हणाला. "आता खरं काय कानात सांगू का?"

मी त्याला अडवलं नाही. शेकायला लागतील म्हणून पिशवीत चार जुने कागद टाकले. वाचून दाखवायची नक्कल वरती ठेवली.